मिरजेच्या बाईंचं महिन्याचं पत्र: ईमेल सर्व्हिस कशी निवडली त्याची पूर्ण हकीकत

आधी परिस्थिती सांगतो. मिरजेतल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना बाईच म्हणतो म्हणून इथेही बाईच, नाव मुद्दाम देत नाही. तीन पुस्तकं, तिन्ही स्वतःच्या पैशाने छापलेली. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी, मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांची. प्रकाशक नाही, वितरक नाही, पुस्तकांचे गठ्ठे घरातल्या दिवाणाखाली आणि विक्री म्हणजे प्रदर्शनं, ओळखीपाळखी आणि फोनवर 'पत्ता पाठवा, पोस्टाने धाडते'. पण कादंबरी चालली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा लोकांचं थोडं लक्ष गेलं, शिवाय परदेशात सतार शिकणाऱ्या मराठी मंडळींपर्यंत पुस्तक कुणाच्या तरी बॅगेतून पोचलं आणि तिकडून मेल यायला लागले.

तर बाईंना वाचकांना महिन्यातून एकदा पत्र लिहायचं होतं. जाहिरात नाही, खरंच पत्र. दीड-दोन हजार शब्दांचं, एखाद-दुसरा फोटो, खाली पुस्तकाची चौकशी कुठे करायची ते. बजेट त्यांनीच ठरवलं होतं, "वर्षाला दोन हजार, त्यावर नाही, तेवढे दहा प्रती विकल्या की निघतात." हे वाक्य मला फार आवडलं कारण लेखकाने हिशोब असाच करायला हवा, महिन्याला किती डॉलर असा नाही तर किती प्रती विकाव्या लागतील असा. मी वेबसाइटची कामं करतो म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला, हा बाईंचा पहिला प्रश्न आणि तो रास्तच आहे. आपल्याकडे साठीच्या वरचा माणूससुद्धा सकाळी चहाबरोबर व्हॉट्सॲप उघडतो, ईमेल बँकेचा ओटीपी अडला तरच. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, प्रदर्शनात एकदा भेटलेला वाचक लेखकाचा नंबर कशाला सेव्ह करून ठेवेल. ग्रुप काढला तर दोन दिवसांत गुड मॉर्निंगचे गुलाब सुरू. आणि दोन हजार शब्दांचं पत्र तिथे 'अधिक वाचा'च्या खाली दडपलं जातं, त्यावर चार फॉरवर्ड येऊन पडले की संपलं. सूचना द्यायला, म्हणजे अमुक तारखेला प्रदर्शनात आहे वगैरे, व्हॉट्सॲपच बरं, ते आम्ही चालूच ठेवलं. लांब मजकूर मात्र ईमेलला. आणि एकच ईमेल शेकडो जणांना नीट पाठवायचा तर ते पाठवणारी आणि यादी सांभाळणारी सर्व्हिस लागते, तीच निवडायची होती.

आता यादी. बाईंकडे एक वही होती. दर प्रदर्शनाला टेबलावर ठेवायची, लोक नाव-फोन-ईमेल लिहून जायचे. फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो तिथली पानं सगळ्यात जास्त भरलेली. सगळी मिळून सहा-सातशे नावं असतील. आणि अक्षर! एक पत्ता तर असा होता की त्यातला आकडा एक की इंग्रजी एल हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत. रेडिफमेलचे पत्ते भरपूर, जे मालकांनी स्वतःही कित्येक वर्षांत उघडलेले नसणार. जीमेल डॉट कॉन, गामेल डॉट कॉम, एकाने तर नुसतं 'जीमेलवर आहे' असं लिहून सही केलेली. 'पत्र पाठवले तर चालेल का' असा रकाना त्या वहीत नव्हता, म्हणजे लोकांनी पत्ता दिला तो नेमका कशासाठी हेही सांगता येत नाही.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण सर्व्हिस निवडण्याच्या गप्पा सगळ्या 'कुणाचं टेम्प्लेट सुंदर' इथून सुरू होतात, आणि प्रत्यक्षात निकाल लागतो तो या वहीवरून. अशी यादी जशीच्या तशी कुठल्याही सर्व्हिसमध्ये चढवली तर पहिल्याच पत्राला मेल ढिगाने बाउन्स होतात, म्हणजे न पोचता परत येतात, आणि कंपनी खातं गोठवते, ते त्यांच्या दृष्टीने बरोबरही आहे, कारण एकाच्या घाणीने त्यांच्या सर्व्हरचं नाव खराब झालं की सगळ्यांचेच मेल स्पॅमला जातात. शिवाय आपला वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत. सगळ्या तरतुदी एकदम लागू नाहीत, पण संमतीचं काय ते आजच नीट केलेलं बरं.

म्हणून ठरलं असं की वही चढवायची नाही. बाईंनी आपल्या नेहमीच्या जीमेलवरून, रोज थोड्या थोड्या लोकांना, साधा चार ओळींचा मेल पाठवायचा: आपण अमुक प्रदर्शनात भेटलो होतो, मी आता महिन्याला पत्र लिहिणार आहे, हवं असेल तर या लिंकवर नाव द्या. फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा असते, पण तिच्या जवळपासही जायचं नाही, वीस-पंचवीस बास. फोन नंबर होते त्यांना तेच व्हॉट्सॲपवर. बाईंना हे पटलं लगेच, "म्हणजे बोलावणं पाठवायचं, परस्पर घरात घुसायचं नाही." वहीतल्या नावांपैकी निम्म्याहून कमी लोक शेवटी आत आले. कमी वाटतं, पण जे आले ते वाचणारे आहेत.

आता सर्व्हिसेस. आम्ही बघितलं तेव्हा जे होतं ते सांगतो, यांचे दर आणि फुकटच्या मर्यादा सारख्या बदलतात.

मेलचिंपचं नाव सगळ्यांना माहीत. २००१ पासूनची कंपनी, २०२१ मध्ये इंट्यूट या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. एकेकाळी फुकटात २००० जण चालायचे, मग ते ५०० वर आणलं, महिन्याच्या मेल्सचा कोटाही छाटत नेला. त्याहून मला खटकतं ते मोजमाप: एखाद्याने नाव काढून घेतलं तरी तुम्ही त्याला आर्काइव्ह करत नाही, म्हणजे हाताने बाजूला काढत नाही, तोवर तो मोजला जातो, आणि एकच माणूस दोन याद्यांत असला तर दोनदा. दुकानदारांसाठी ठीक असेल. बाईंसाठी नाही, विषय संपला.

सबस्टॅकचा आग्रह बाईंच्या मुलीचा होता, आणि तो चुकीचा नव्हता. २०१७ पासून आहे, कितीही वाचक असले तरी फुकट, लिहायची जागा स्वच्छ, पाच मिनिटांत सुरू. पैसे घेऊन पत्र द्यायचं असेल तर दहा टक्के त्यांचे, वर पेमेंटची फी वेगळी. पण ते पैसे येतात स्ट्राइप या पेमेंट कंपनीमार्फत आणि स्ट्राइप भारतात २०२४ पासून फक्त निमंत्रणावर खातं देते, म्हणजे सबस्टॅकचा जो मुख्य धंदा आहे तोच मिरजेत बसलेल्या लेखिकेला बहुधा बंद. ठीक, पैसे घ्यायचेच नव्हते. दुसरी गोष्ट, मेल जातो सबस्टॅकच्याच पत्त्यावरून. तुमचं वेब पान स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, आणता येतं, त्याचे एकदाच ५० डॉलर, पण मेलचा पाठवणारा पत्ता त्यांचाच राहतो. आणि वाचकाला ते हळूहळू आपल्या ॲपकडे ओढतात, नोट्स, शिफारशी, हे वाचा ते वाचा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्यातून नवे वाचक मिळतात हे मान्यच करायला हवं. मराठीत त्या गर्दीतून कोण मिळणार, तिथे मराठी वाचणारे किती. म्हणजे फायदा त्यांचा आणि गोंगाट आपल्या वाचकाला.

बटनडाउन मला स्वतःला सगळ्यात आवडतं, छोटं, शांत, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, लिहा आणि पाठवा. पण १०० जणांपर्यंतच फुकट, त्यापुढे महिन्याला ९ डॉलर, वर्षाचे झाले १०८, वर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठी बँक लावते तो आकार, धरला की दहा हजाराच्या वर. म्हणजे पन्नासहून जास्त प्रती. नाही.

डॉलरमधल्या वर्गणीला आपल्याकडे अजून एक गोम आहे जी परदेशातले लेख वाचून कळत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ते बरेचदा जुळतच नाही, पेमेंट फेल, मग कार्ड पुन्हा टाका, ओटीपी. महिन्याचं पेमेंट फेल झालं की नेमकं पत्र पाठवायच्या दिवशी खातं बंद. बाईंकडे रूपे डेबिट कार्ड, ते अशा साइट्सवर बहुतेक चालतच नाही. तेव्हा भारतातल्या लेखकाने पैसे भरायचेच असतील तर वर्षाचे एकदम भरावेत, आणि शक्य असेल तर भरायची वेळच येणार नाही असं बघावं.

या कारणाने झोहो कॅम्पेन्स मी गंभीरपणे बघितलं. चेन्नईची कंपनी, रुपयात बिल, फुकटचा प्लॅनही उदार. पण आत गेलं की सगळं विक्री विभागासाठी केल्यासारखं, लीड, कॅम्पेन, वर्कफ्लो, एवढ्या खिडक्या की बाई म्हणाल्या, "अरे हे शाळेच्या वेळापत्रकापेक्षा किचकट आहे, आणि मी वेळापत्रकं वीस वर्षं लावलीत." ब्रेव्होचं मोजमाप वेगळं, माणसं मोजत नाहीत, मेल मोजतात, फुकटात दिवसाला ३००. यादी त्याहून मोठी झाली की पत्र दोन दिवसांत विभागून जाणार, ते कुणी सांभाळायचं. मेलरलाइट चांगलं आहे, पण फुकटची मर्यादा हजारावरून पाचशेवर आली, म्हणजे आपण आत शिरतोय आणि दार अरुंद होतंय. घोस्टला स्वतःचा सर्व्हर लागतो नाहीतर पैसे, त्यामुळे पुढे बघितलंच नाही.

राहिलं किट. म्हणजे पूर्वीचं कन्व्हर्टकिट, २०१३ मध्ये नेथन बॅरी यांनी सुरू केलेलं, २०२४ मध्ये नाव बदललं. त्याच सुमारास त्यांनी फुकटची मर्यादा १०,००० वाचकांपर्यंत नेली. ठरवलेले मेल ओळीने आपोआप पाठवणारी एक मालिका मिळते, तळाशी त्यांचा शिक्का राहतो, बाकी पत्रं हवी तेवढी. माणूस एकदाच मोजतात, त्याला टॅग, म्हणजे गट ओळखायच्या चिठ्ठ्या, कितीही लावा. पैसे भरायच्या प्लॅनचे दर मात्र अंगावर येणारे आहेत हेही बघून ठेवलं, म्हणजे उद्या त्यांनी फुकटचा प्लॅन आवळला तर आपण तिथे राहणार नाही हे आजच माहीत.

पण किटवर शिक्कामोर्तब झालं ते दोन बारीक गोष्टींमुळे, आणि दोन्ही तुलनेच्या तक्त्यांत सहसा नसतात.

पहिली, पोस्टाचा पत्ता. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार अशा व्यावसायिक मेलच्या तळाशी पाठवणाऱ्याचा खरा टपाल पत्ता लागतो, आणि या बहुतेक कंपन्या तो नियम सगळ्या ग्राहकांना लावतात. म्हणजे मिरजेत एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घराचा पत्ता दर महिन्याला शेकडो अनोळखी लोकांकडे. मुलगी म्हणाली हे अजिबात चालणार नाही, आणि बरोबर आहे तिचं. टपाल खात्याची पोस्ट बॉक्सची सोय आहे, मोठ्या पोस्टात वर्षाच्या फीवर मिळते, आम्ही त्याचाही विचार केला होता. पण किट स्वतःच्या ऑफिसचा पत्ता वापरू देतं. सबस्टॅकमध्येही ही चिंता नाही. स्वतंत्र लेखकाला, त्यातून घरातून काम करणाऱ्या बाईमाणसाला, हा प्रश्न पहिल्या पाचांत असायला हवा आणि तो कुणी विचारतच नाही.

दुसरी, खात्रीचा मेल. नाव नोंदवल्यावर 'तुम्हीच नोंदवलंत ना' असं विचारणारा मेल जातो, त्यातलं बटण दाबलं तरच नाव पक्कं. हा मेल इंग्रजीत गेला तर आपला सत्तरीचा वाचक ते बटण दाबणार नाही, त्याला मुलाने बजावून ठेवलंय की अनोळखी लिंक दाबायची नाही, आणि मुलगा शहाणाच आहे. किटमध्ये हा मेल पूर्ण बदलता येतो, विषय, मजकूर, बटणावरचे शब्दसुद्धा, आणि ते बटण दाबलं की एक फाइल हातात पडते अशी सोय आहे. बाईंनी लिहिलं, 'मिरजेहून एक पत्र, आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण', बटणावर 'हो, पत्र पाठवा'. प्रकरणाचं पीडीएफ जोडलं. लोकांनी दाबलं. काही पानं तरीही इंग्रजीच राहतात, त्याला इलाज नाही.

पहिलं प्रकरण पीडीएफमध्येच का दिलं याचंही कारण आहे. बाईंची पुस्तकं डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावलेली. छापायला उत्तम, पण त्यातला मजकूर उचलून मेलमध्ये टाकला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असतो म्हणून ते जसंच्या तसं दिसतं. नवी पत्रं बाई थेट युनिकोडमध्ये टाइप करतात. जुनं काही मेलमध्ये द्यायचं असेल तर पुन्हा टाइप करतात, म्हणतात तेवढ्यात दोन वाक्यं सुधारूनही होतात.

सर्व्हिसच्या आधी खरं तर डोमेन घेतलं होतं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच एक खर्च बिनशर्त करण्यासारखा होता. वर्षाला हजाराच्या आतबाहेर. कारण बाईंच्या जीमेलच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरने मेल पाठवला की तो खोटा वाटतो, पाठवणारा म्हणतो जीमेल आणि आला कुठून तर तिसरीकडूनच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तिन्ही खुणा सक्तीच्या, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. बाई ५,००० च्या आसपासही नाहीत, पण त्यांचा मेल ज्या रस्त्याने जातो तो रस्ता मोठ्यांचाच आहे, त्यामुळे सगळं करून घेतलेलं बरं.

करायला काय, किट तीन ओळी देतं, दोन 'सीनेम' प्रकारच्या आणि डीमार्कची एक 'टीएक्सटी' प्रकारची, त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी असतात तिथे, चिकटवायच्या. इथे जवळपास प्रत्येकजण एकाच ठिकाणी अडकतो. किट नावाच्या रकान्यासाठी पूर्ण नाव देतं, शेवटी तुमच्या डोमेनसकट, आणि डोमेन विकणाऱ्यांची बरीच पॅनल्स तुम्ही जे टाकाल त्याच्यापुढे डोमेन आपणहून जोडतात. म्हणजे डोमेन दोनदा लागतं आणि दोन दिवस 'अजून पडताळणी झाली नाही' असंच दिसत राहतं. डोमेनच्या आधीचा तुकडा तेवढा टाकायचा. बाईंना पाठवणारा पत्ता झाला 'पत्र' नावाचा, त्यांच्या डोमेनवरचा, आणि त्यावर आलेली उत्तरं फुकटच्या फॉरवर्डिंगने त्यांच्या जुन्या जीमेलमध्ये. नवीन इनबॉक्स उघडायला लावला असता तर तो त्यांनी आठवड्यातून एकदा बघितला असता.

बाईंना डोमेन डॉट भारतच हवं होतं, देवनागरीतलं, हौस म्हणून. ते २०१४ पासून मिळतं आणि वेबसाइटला चालतंही. पण ईमेल पत्त्यात देवनागरी आली की अजूनही कितीतरी ठिकाणचे फॉर्म 'पत्ता चुकीचा आहे' म्हणून परत पाठवतात. साधं डॉट इन घेतलं. बाई थोड्या हिरमुसल्या.

आता पत्र प्रत्यक्ष पाठवताना जे कळलं ते. जीमेल १०२ केबीच्या वरचा मेल कापतं, खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशी लिंक येते. इंग्रजीत साधं पत्र लिहिणाऱ्याला हा आकडा क्वचितच आडवा येतो. आपल्याला येतो. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, आणि खुणा म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजायचं. 'त्यांच्या' हा एक शब्द घ्या: त, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. नऊ खुणा, २७ बाइट. दोन हजार शब्दांचं पत्र असंच चाळीस केबीच्या घरात जातं, त्यावर टेम्प्लेटचा पसारा, लिंक्सचा पसारा. आणि वर्डमधून थेट चिकटवलं तर वर्ड प्रत्येक परिच्छेदाला आपल्या फॉन्टचं आणि रंगाचं शेपूट जोडून देतं, दिसत काही नाही पण वजन दुप्पट. चाचणीचं पहिलं पत्र नेमकं शेवटच्या परिच्छेदाआधी कापलं गेलं, आणि नाव काढून घ्यायची लिंकही त्या कापलेल्या भागातच, जे फार वाईट, कारण ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

उपाय साधेच. सगळ्यात साधं, मजकुरावालं टेम्प्लेट, वर्डमधून आणताना कंट्रोल शिफ्ट व्हीने नुसता मजकूर चिकटवायचा, आणि पत्र फारच लांबलं तर पुढचा भाग वेब पानावर. फोटो वेगळे लोड होतात, त्यांचं वजन या १०२ मध्ये येत नाही, पण गावाकडच्या नेटवर्कसाठी ते लहानच करायचे. सुंदर मराठी फॉन्ट लावायचा नाद सोडला, जीमेल तो घेत नाही, वाचकाच्या फोनवर जो आहे तोच दिसतो.

नावाने हाक मारायची सोय सगळीकडे असते, 'नमस्कार' आणि पुढे वाचकाचं नाव आपोआप. बाईंनी ती बंद करायला लावली. लोक फॉर्ममध्ये नाव इंग्रजी अक्षरांत टाकतात, कुणी नुसतं आडनाव, कुणी डॉक्टरसकट, आणि त्यात ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना 'नमस्कार सुरेश' असं जाणार. "मी त्यांना सुरेश म्हणेन का रे?" आता पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' एवढीच. हे इंग्रजी सल्ल्यांच्या अगदी उलट आहे आणि मला वाटतं मराठीत हेच बरोबर.

किती जणांनी उघडलं तो आकडा बाईंना मी दाखवतच नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मेलमध्ये प्रायव्हसीची जी सोय आणली त्यानंतर आयफोनवाल्याचा मेल न उघडताही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो, आणि बाईंचे परदेशातले वाचक बरेच आयफोनवाले. त्यापेक्षा उत्तरं मोजतो. पत्राच्या शेवटी बाई एक प्रश्न विचारतात, 'तुमच्या घरात कुठलं वाद्य होतं?' असा, आणि लोक परत लिहितात, लांबच लांब. एकदा उत्तर दिलं की पुढचं पत्र जाहिरातींच्या टॅबमध्ये जायची शक्यताही कमी होते. विक्रीचं म्हणाल तर पत्र गेलं की त्या आठवड्यात यूपीआयवर पाच-सात प्रतींचे पैसे येतात, पाऊस पडत नाही, पण दिवाणाखालचा गठ्ठा हलतोय.

यादी दर महिन्याच्या पत्रानंतर सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून बाईंच्या आणि मुलीच्या ड्राइव्हवर ठेवतो. यात ढिलाई नाही. गुगलने फीडबर्नरची ईमेल सोय २०२१ मध्ये बंद केली तेव्हा मराठीतल्या कित्येक जुन्या ब्लॉगवाल्यांची 'नवे लेख ईमेलने मिळवा' ही सोय गेली, ज्यांनी यादी वेळेत उतरवली ते वाचले. ट्विटरने २०२१ मध्ये रेव्ह्यू ही अशीच पत्रांची सर्व्हिस घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंदही केली. मेलचिंपने टायनीलेटर ही आपली छोटी सर्व्हिस फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळली. किटचं असं होईल असं नाही, पण झालंच तर एका दुपारचं काम: फाइल दुसरीकडे चढवायची, डीएनएसमधल्या ओळी बदलायच्या. वाचकाला पत्र येतं त्याच पत्त्यावरून.

एक गोष्ट अजून लोंबकळतेय. सतार शिकणारे काही अमराठी वाचक पत्र इंग्रजीत मागतायत. बाईंचं म्हणणं दोन भाषांचं एकच पत्र करू, माझं म्हणणं वजनाचा प्रश्न येईल आणि दोन्हीकडचे अर्धं सोडून देतील, टॅग लावून वेगळं पत्र पाठवावं, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदाच. अनुवाद मुलगी करणार म्हणतेय पण तिच्याकडे वेळ कितपत आहे ते बघायचं. दिवाळीनंतर ठरवू असं झालंय, तोपर्यंत नोंदणीच्या फॉर्मवर 'मराठी / इंग्रजी' असा एक रकाना तेवढा टाकून ठेवलाय.